स्पीडब्रेकरवरचे डॉक्टर

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही असं बजावलेलं असताना, मी कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो. मोठा ग्लास. वर फेस.

यामागे माझं एक शास्त्र होतं. आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि कोमट ग्लास हातात देतात. या दुधाची गणना आम्ही खाण्यात करत नाही. उपासाला ते चालतं, तालमीला चालतं, तापातून उठलेल्यालाही चालतं. डॉक्टर म्हणाले होते, पाणीसुद्धा नको. पाणी मी घेतलंच नव्हतं. आणि आमच्या गवळ्याचं दूध असं घट्ट, की त्यात पाणी असल्याचा आरोप त्याच्या शत्रूनंही कधी केला नसता.

भुलीचे डॉक्टर तरुण होते. सुई हातात घेऊन त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "सकाळपासून काही घेतलं नाही ना?"

"नाही. फक्त दूध."

त्यांनी सुई ताटलीत ठेवली. पोटात दूध असताना भूल दिली आणि ते उलटून फुप्फुसात गेलं तर काय होतं, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. मी जीवशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे मला ते लगेच समजलं, हे त्यांना जास्त लागलं असावं. मग त्यांनी इंगवले डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर डोक्याला हिरवी टोपी बांधून तयार होते. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"गाईचं का म्हशीचं?"

"म्हशीचं."

"मग उद्याच," एवढंच म्हणून ते बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या स्टुलावर टोपी काढून बसले. मला वाटलं, रागावले. ते रागावले नव्हते, हे मला दुपारी कळलं. पण त्याआधी इंगवले डॉक्टर म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं.

राजारामपुरीत क्लासेसच्या पाट्यांच्या गर्दीत त्यांची पाटी शोधावी लागायची. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दवाखाना, मोजक्या खाटा. दोन गल्ल्या सोडून मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. डॉक्टर बुटके, रुंद, कानावर केस, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक हिरवी लवंगी मिरची. ती शोभेची नव्हती. अपेंडिक्स म्हणजे काय असं कुणी विचारलं की ती बाहेर यायची. "हे एवढंच. मोठ्या आतड्याच्या बुडाला लोंबतंय. दिसायला गरीब." रोज सकाळी ताजी मिरची. दुपारी ती त्यांच्या नर्सच्या, म्हणजे शकूमावशींच्या भाकरीबरोबर संपायची. मावशी त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होत्या आणि त्यांना घाबरत नव्हत्या.

कोल्हापुरात पोट सगळेच डॉक्टर बघतात. पण इंगवल्यांचा जीव अडकला होता तो अपेंडिक्समध्ये, आणि त्यातही चारचौघांसारखं न वागणाऱ्या अपेंडिक्समध्ये. साधं सुजलेलं अपेंडिक्स ते शांतपणे काढायचे, जसा एखादा आचारी वरणाला फोडणी देतो. पण जागा सोडून बसलेलं, यकृताखाली तोंड लपवलेलं, हर्नियात शिरलेलं असं काही सापडलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "पावणं वेगळंच हाय," ते म्हणायचे.

त्यांच्या तपासणीत पहिला प्रश्न ठरलेला असे. "आत्ता समोर मटणाचं ताट आलं तर?" अपेंडिक्स सुजलं की भूक मरते, हे पुस्तकात आहे. डॉक्टरांनी त्याला कोल्हापूरचं माप लावलं होतं. पेशंट "आणा की" म्हणाला तर त्याला पाचकाची बाटली देऊन घरी धाडायचे. "नको" म्हणाला की ते लगेच हात धुवायला उठायचे.

दुसरी तपासणी रस्त्यावर. दवाखान्यासमोर एक स्पीडब्रेकर होता. पोटाच्या आतला पडदा सुजला असेल तर हादरा सोसत नाही, उजव्या बाजूला कळ येते. म्हणून डॉक्टर पेशंटला आपल्या करड्या स्कूटरवर मागं बसवून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि तिथून बेताच्या वेगानं येऊन स्पीडब्रेकरवरून स्कूटर न्यायचे. स्कूटरचा आरसा मागच्या गाड्यांसाठी नव्हता, मागच्या माणसाचं तोंड दिसेल असा वळवलेला होता. त्यामुळे पेशंटची तपासणी अचूक व्हायची आणि रस्त्यावरच्या इतर लोकांनी आपापलं बघून घ्यायचं. मावशी वर खिडकीत उभ्या राहायच्या. डॉक्टर खालून हात वर करायचे. एक बोट म्हणजे सलाईन लाव. मूठ म्हणजे टेबल तयार कर.

एकदा रस्ता नवा करताना ठेकेदारानं स्पीडब्रेकर उखडून टाकला. डॉक्टर आठवडाभर बेचैन. शेवटी त्यांनी ठेकेदाराला चहाला बोलावलं आणि सांगितलं, "तुम्ही माझं मशीन नेलंय." ठेकेदार आपल्या माणसांवर संशय घेऊन गेला. खरा प्रकार कळल्यावर त्यानं स्पीडब्रेकर बांधून दिला, पण माणूस मनानं मोठा, त्यानं तो पहिल्यापेक्षा उंच बांधला. डॉक्टर स्वतःच त्यावरून एकदा गेले आणि परत येऊन मावशींना म्हणाले, "थोडा तासून घ्यायला लागतोय. ह्याच्यावर निरोगी माणूस पण ओरडंल."

एका पैलवानाची गोष्ट राजारामपुरीत अजून सांगतात. तालमीतल्या वस्तादांनी त्याला आणला. पोटात दुखत होतं, पण डाव्या बाजूला. म्हणून कुणी अपेंडिक्सचा विचार केला नव्हता. ओवा झाला, तेल झालं, पोटावर वीट शेकून ठेवून झाली. डॉक्टरांनी ताटाचा प्रश्न विचारला. पैलवानानं मान फिरवली.

वस्तादांचे डोळे भरून आले. "डॉक्टर, ह्यो मटणाला न्हाय म्हणला. आता काय राह्यलं?"

पैलवान मागं बसला तेव्हा स्कूटरचं पुढचं चाक उचललं. दोन माणसांनी पुढून दाबून धरलं म्हणून गाडी निघाली. स्पीडब्रेकरवर पैलवानानं कळ येऊन डॉक्टरांच्या मानेला अशी मगरमिठी मारली की आरशात दोघांचेही डोळे सारखेच मोठे दिसत होते. कळ डावीकडेच. वर आल्यावर डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली. डावीकडे ठोका जवळपास लागेना. उजवीकडे सरकवली, तर तिथं लेझीम चाललेली. डॉक्टर हळूच हसले.

"वस्ताद, ह्याचं घर उलटं बांधलंय. देवघर हिकडं, चूल तिकडं. सगळं हाय, पण आरशात बघितल्यासारखं."

फोटो काढला, तसंच निघालं. अपेंडिक्स डावीकडून काढलं आणि पैलवान चार दिवसांत ताटावर बसला. वस्ताद म्हणाले, "तरीच. शिकवंल ते ह्यो उलट्या अंगानं करतोय. मी ह्याला उगंच मारलं." पुढच्या आठवड्यात त्या तालमीतली सगळी पोरं दवाखान्यात रांग लावून उभी. प्रत्येकाला आपलं काळीज उजवीकडं आहे का बघायचं होतं. डॉक्टरांनी एकेकाची छाती ऐकली आणि एकेकाच्या पाठीवर हात ठेवून सांत्वन केलं, "सरळच हाय. वाईट वाटून घेऊ नका."

आता माझं. मला दुखत वगैरे काही नव्हतं. बुटाची नाडी बांधायला वाकलो की उजवीकडे काहीतरी मध्ये यायचं, जसं पँटच्या खिशात मोसंबं राहिलं असावं. मी माझ्या ज्ञानाच्या जोरावर ठरवलं की गॅस आहे. बायकोनं, सरोजनं, माझ्या ज्ञानाचा अनुभव असल्यामुळे, मला इंगवल्यांकडे नेलं.

"समोर मटणाचं ताट आलं तर?"

"तांबडा का पांढरा?" मी विचारलं.

"ह्यांना काय झालेलं न्हाय," डॉक्टर सरोजला म्हणाले. तरी पोट दाबून बघायला लागले आणि त्यांचा हात एका जागी थांबला. तिथंच थांबून राहिला. मग म्हणाले, "चला, एक चक्कर मारू."

मला त्यांनी स्पीडब्रेकरवरून नेलं. काही झालं नाही. खात्रीसाठी परत नेलं. रस्त्यावर माझ्या क्लासची मुलं उभी होती, मी त्यांना हात केला. डॉक्टर आरशात माझा हसरा चेहरा बघत होते आणि त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता.

सोनोग्राफी झाली, मोठं स्कॅनिंग झालं. रिपोर्ट त्यांनी उभ्यानं वाचला. मग खिडकीपाशी जाऊन खाली स्पीडब्रेकरकडे बघत राहिले.

"सर, तुम्हाला मी त्यावरनं नेलं."

"दोनदा."

"दुखलं न्हाय."

"उलट मजा आली."

ते खुर्चीत बसले. खिशातली मिरची काढली, बघितली आणि परत ठेवली. ती पुरणार नव्हती. मावशींना खाली धाडून त्यांनी भज्याची मिरची मागवली, चांगली जाड, फुगीर. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमचं हे असं झालंय. तोंड बंद झालंय आणि आत चिकट जेली साठून फुगा झालाय. असलं फार कमी बघायला मिळतंय. हे अख्खं निघालं तर तुम्ही सुटलासा. फुटलं, तर ती जेली पोटभर पसरती आणि जिथं पडंल तिथं परत वाढती. मग वर्षानुवर्षं पोट उघडून पुसत बसायचं."

"कॅन्सर?" सरोजनं विचारलं.

"आत काय हाय ते बाहेर काढून तपासल्याबिगर मी सांगणार न्हाय, वहिनी. पण फुटू द्यायचं न्हाय. एवढं एकच काम हाय आपल्याला."

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "पण डॉक्टर, अपेंडिक्स हा निरुपयोगी अवयव आहे. मी इतकी वर्षं मुलांना शिकवतोय."

"निरुपयोगी कुणी ठरवलं?"

"पुस्तकात आहे."

"मग पुस्तकातलं काढा. पोट बिघडून सगळं वाहून गेलं तरी आतड्यातले चांगले जंतू हितं दडून राहत्यात आणि परत संसार मांडत्यात, असं आता म्हणत्यात. तुमच्याएवढं तरी काम ते करत असंल."

ऑपरेशन ठरलं आणि तोवर डॉक्टरांनी मला पथ्य घातलं. स्कूटर बंद. वजन उचलायचं नाही. शिंक आली तर नाक धरून तोंडानं सोडायची. खो-खो हसायचं नाही. हे शेवटचं सरोजनं मनावर घेतलं, ती माझ्याशी आठवडाभर फक्त किराण्याविषयी बोलली. तपासणीला जायला रिक्षा. रिक्षावाल्याला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं, अंड्यांचा ट्रे घेऊन चाललोय असं समज. रिक्षा स्पीडब्रेकरपाशी आली की डॉक्टर खाली उभे असायचे. मला उतरवायचे, हाताला धरून स्पीडब्रेकर चालत पार करून द्यायचे, रिक्षा रिकामी पुढं यायची आणि मी परत आत बसायचो. दवाखाना तिथून दहा पावलांवर होता. मी म्हणालो, मग चालतच येतो. डॉक्टर म्हणाले, "नको. घाईत शिंक आली तर?" ज्या माणसानं निम्म्या कोल्हापूरला त्या उंचवट्यावर आपटवलं, तो मला नव्या नवरीसारखं त्यावरून नेत होता, आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर माझी बारावीची बॅच उभी राहून हे बघत होती.

तर असं सगळं जपून, ऐन दिवशी मी दूध पिऊन आलो.

डॉक्टरांनी मला घरी सोडलं नाही. खाटेवर पडून राहायचं, कुशीला वळायचं तरी विचारून. दुपारी शकूमावशी सलाईन बघायला आल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

"बाहेर बघितलासा का त्यांच्याकडं? सकाळपास्नं पाणी प्यालेलं न्हाईत. तुम्ही प्यालासा, त्यांनी उपास धरलाय."

"रागावलेत का?"

"भ्यालेत."

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर तरुण असताना पन्हाळ्याच्या बाजूची एक बाई आली होती. साधं अपेंडिक्स समजून त्यांनी पोट उघडलं, तर आत असाच फुगा. त्याआधी त्यांनी तसला कधी बघितला नव्हता. चिमट्यात धरला आणि फुटला. जेवढं निघालं तेवढं काढलं, धुतलं. तरी त्या बाईला पुन्हा पुन्हा टेबलावर यावं लागलं. ती वाचली, अजून आहे. डॉक्टर दर वर्षी तिच्या घरी जातात, पोट दाबून बघतात, जेवून येतात.

"मागल्या खेपेला मी बी गेलते," मावशी म्हणाल्या. "ती म्हणाली, डॉक्टर, माझं पोट बरं झालंय, आता तुम्ही बरं व्हा की. आणि हिकडं तुम्ही. आज काढायचा तो फुगा आणखी एक दिवस आत ठेवून बसलाय, कशासाठी, तर दुधासाठी."

मी भिंतीकडे वळणार होतो, पण वळायला परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरोजनं पहाटेपासून दाराशी खुर्ची टाकली होती. मला कमरेखाली भूल दिली, म्हणजे मी जागा. दुर्बिणीनं करणार का, असं मी आधी विचारलं होतं. "भोक न्हाय, दार लागतंय," डॉक्टर म्हणाले होते. "पावणं आडवं-तिडवं नेता येणार न्हाय." छातीवर पडदा लावला. मला भीती वाटली की मी बोलतो. मी भुलीच्या डॉक्टरांना म्हशीच्या दुधातल्या स्निग्धांशाविषयी सांगायला लागलो.

पडद्यापलीकडून आवाज आला, "सर, तोंड बंद. तुम्ही बोललासा की पोट हलतंय."

मी गप्प झालो. आणि मग लक्षात आलं की डॉक्टरही गप्प आहेत. ऑपरेशन करताना हा माणूस ऊसदरापासून कुस्तीच्या मैदानापर्यंत सगळं बोलतो, असं सगळे सांगायचे. आता फक्त हत्यारं ठेवल्याचा आवाज येत होता. मावशी एरवी मागण्याआधीच हत्यार देऊन वर टोमणा मारायच्या, त्याही बोलत नव्हत्या. मला शिंक येईल असं वाटायला लागलं. खरंच यायला लागली. मी नाक धरलं, तोंड उघडलं, भुलीच्या डॉक्टरांकडे मदतीच्या नजरेनं पाहिलं. त्यांनी शांतपणे माझ्या वरच्या ओठावर बोट दाबून धरलं. शिंक बराच वेळ दारात उभी राहिली आणि परत गेली.

मग स्टीलच्या ताटलीत काहीतरी अगदी अलगद ठेवल्याचा आवाज आला.

"आलं," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "अख्खं हाय."

पडद्याच्या वरून मला ताटली दाखवली. सोललेल्या केळ्यासारखं काहीतरी, पांढुरकं, गुळगुळीत, दिव्याखाली चमकणारं. कुठं चीर नाही की ओरखडा नाही. डॉक्टरांनी ताटली दोन्ही हातांनी, थोडी छातीशी धरली होती.

"काय झालं म्हणायचं?" शकूमावशींनी विचारलं. "मुलगा का मुलगी?"

तेव्हा डॉक्टर हसले. मीही हसलो असतो, पण पोट अजून उघडं होतं. टाके घालताना त्यांनी उसाच्या दराला सुरुवात केली ती शेवटच्या टाक्यापर्यंत. बाहेर पडल्याबरोबर त्यांनी दोन ग्लास पाणी घेतलं आणि मावशींच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली, असं सरोजनं मला सांगितलं.

तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते सांगण्यात गंमत नाही. डॉक्टर स्वतः घरी आले. जिन्यातूनच म्हणाले, "वहिनी, बुडाशी साफ हाय. आतला माल वाईट न्हाय. बाहेर कुठं गेलेला न्हाय. वर्षातनं एकदा स्कॅन करून दाखवायचं, बास." सरोजनं त्यांना बसायला सांगितलं, काय घेणार विचारलं. ते म्हणाले, "सर काय घेत्यात ते. दूध."

पुढं त्यांच्या हाताला कंप आला. त्यांनी ऑपरेशन करणं आपणहून थांबवलं आणि दवाखाना एका तरुण सर्जनबाईंच्या हवाली केला. स्कूटरही त्यांनाच दिली. बाई ती चालवत नाहीत, त्यांच्याकडे मशीन चांगलं आहे.

परवा मी तिकडून चाललो होतो. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून डॉक्टर स्पीडब्रेकरकडे तोंड करून बसले होते. खिशात मिरची होती. एकेक गाडी यायची, उडायची, जायची, आणि डॉक्टर मागं बसलेल्या माणसाचा चेहरा बघायचे. त्या दिवशी त्यांनी एकाला थांबवलंही. "ओ पावणं, उजवीकडं धरलासा ते का?" तो म्हणाला, खिशात मोबाईल आहे. डॉक्टर निराश झाले.

मी स्कूटर बाजूला लावून नमस्कार केला. पोट कसं आहे, त्यांनी विचारलं. उत्तम, म्हणालो. तेवढ्यात सर्जनबाई खाली आल्या, त्यांना माझी ओळख करून द्यायला हवी होती. मीच उत्साहानं सांगायला लागलो, की मी तोच तो दुर्मिळ फुगा, जीवशास्त्राचा शिक्षक, आणि आता मुलांना अपेंडिक्स निरुपयोगी असतं असं अजिबात शिकवत नाही. शिवाय दुधाची हकीकत. ती मी सगळीकडे सांगतो, आता तिला चांगला आकार आला आहे. बाई घड्याळाकडे बघत हसत होत्या. हकीकत संपवून मी निघालो, स्कूटरला किक मारली आणि स्पीडब्रेकरवर चढलो.

मागून डॉक्टरांचा आवाज आला. ते बाईंना सांगत होते, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"कामाचं होतं ते मी काढून घेतलं, मॅडम. निरुपयोगी हाय ते बघा, ते चाललंय घराकडं."